बाईंच्या फोटोचा कागद

जावईबापूंनी एखादं काम स्वतः करायचं ठरवलं की ते दुसऱ्या कुणाकडे जात नसे. ते वजनमापे तपासण्याच्या खात्यात होते. तराजू चार ग्रॅमने खोटा असला तरी त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच वास यायचा, असं ते स्वतः सांगत. हाच काटेकोरपणा ते घरी रंगीत फोटो छापताना वापरत. घरी म्हणजे न्हाणीघरात. सहा फूट बाय पाच. कपडे धुण्याच्या यंत्रावर फोटो मोठा करून कागदावर पाडणारा एन्लार्जर, फळीवर रसायनांच्या बाटल्या, खिडकीला काळं प्लॅस्टिक आणि वर घोंगडी. शनिवारी ज्याला आंघोळ करायची असेल त्याने ती आठच्या आत उरकावी, असा घरचा नियम होता.

"लॅबवाला यंत्रातून फोटो काढतो," ते जेवताना म्हणाले. "यंत्राला माणूस कळत नाही. बाईंचा फोटो मीच छापणार. कागदाचीही काळजी नको. कागद डोळ्यांनी निवडत नाहीत, बोटांनी निवडतात."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी दोनदा म्हटलं. एकदाच म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, कारण पहिल्या वेळी बाई पाणी आणायला आत गेल्या होत्या.

बाई म्हणजे सासूबाई. चौतीस वर्षं शाळेत, त्यातली अकरा मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणे, जावई बाई म्हणत आणि नवराही बाईच म्हणे. नवरा दातांचा डॉक्टर होता, म्हणून बाई त्याला 'डॉक्टर' म्हणत. चाळीस वर्षांचा संसार असा दोन व्यवसायांनी मिळून चालवला होता.

शाळेच्या सभागृहात आधीच्या सहा मुख्याध्यापकांचे फोटो होते. सहाही जण असे बघत होते की समोरच्याने गृहपाठ केलेला नाही. सातवी जागा बाईंची. रविवारी सकाळी दहाला समारंभ. बाई आयुष्यभर त्या सहा जणांसारख्याच दिसत आल्या होत्या. फक्त एकदा, गच्चीत कपडे वाळत घालताना डॉक्टरांच्या डोक्यावर ओली चादर पडली तेव्हा त्या हसल्या होत्या, आणि जावईबापूंच्या हातात कॅमेरा होता.

"तोच लावायचा," बाई म्हणाल्या होत्या. मग जरा थांबून, कुणाकडे न बघता, "पोरं मला चौतीस वर्षं घाबरली. आता भिंतीवरून तरी नको."

तेव्हापासून त्या फोटोला घरात वजन आलं होतं.

दुकानदाराकडे रंगीत कागद जेमतेम उरला होता. त्याने काळ्या पिशव्यांत घालून सहा ताव दिले. दोन ग्लॉसी, म्हणजे चकचकीत. दोन मॅट, म्हणजे अगदी निस्तेज. दोन पर्ल, मधला, किंचित दाणेदार. नवा माल आठवड्याने येणार होता. शनिवारी दुपारी दोनला जावईबापू न्हाणीघरात शिरणार, तोच दारात बाई उभ्या. अंगावर जाड शाल, चष्मा काढून हातात.

"चला," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"कागद निवडायला. बोटांनी निवडतात ना? चौतीस वर्षं वह्या तपासल्या मी. हातात घेतल्याबरोबर सांगत असे, वही मुलाने लिहिली आहे की बापाने."

"बाई, मी तुम्हाला दुकानातले नमुने दाखवतो. छापलेले."

"त्यावर दुसऱ्यांची तोंडं आहेत. दुसऱ्याच्या तोंडावरून माझा कागद कसा ठरवू?"

जावईबापू बाजूला झाले. बाईंच्या मागे त्यांची लेक, म्हणजे जावईबापूंची बायको, आईला अंधारात धरायला आली. तिच्यामागे डॉक्टर आले, कारण त्यांचं म्हणणं होतं की या घरात डार्करूम कळणारे तेच एक आहेत.

"तीस वर्षं दातांच्या एक्स-रे फिल्मा धुतोय मी," डॉक्टर म्हणाले. "तुमचे दिवे कुठे लावलेत?"

"दिवे नसतात, बाबा. रंगीत कागदाला अंधारच लागतो."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. नवशिक्या माणसाशी वाद घालू नये, अशा सुरात म्हणाले.

दोन वाजून दहा मिनिटांनी दार लागलं. फटीत टॉवेल कोंबला. काळोख झाला तो असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे हात लावून बघावं लागावं. तीस चौरस फुटांत चार माणसं, एक एन्लार्जर आणि एक बादली.

"माझ्या पायावर कोण उभं आहे?" बायको.

"मी. हलू नकोस, मला जागा सापडली आहे," डॉक्टर.

"सगळ्यांनी ऐका," जावईबापू म्हणाले. "कागद फक्त कडेने धरायचा. मधे बोट लावायचं नाही. बोटाचा ओलावा लागला की फोटोत डाग उमटतो."

"मग निवडायचा कसा?"

"कोपऱ्यावर, बाई. फक्त कोपऱ्यावर."

त्यांनी पिशव्या उघडून सहाही ताव यंत्राच्या झाकणावर मांडले आणि पहिला बाईंच्या हातात दिला. बाईंनी कोपरा चोळला.

"हा कोण?"

"ग्लॉसी."

"तपासणीला येणारे साहेब असेच असत. वरून चकाकी, हाताला काही लागत नाही. पुढचा."

"हा मॅट."

"हा माझ्या वर्गातल्या फळ्यासारखा आहे. यावर हसले तरी खडूची पूड उडाल्यासारखं दिसेल. पुढचा."

तिसरा पर्ल. बाईंनी कोपरा चोळला, पुन्हा चोळला.

"याची सुलटी बाजू कुठली?" त्यांनी विचारलं.

"ओठाला लावून बघतात. जी बाजू किंचित चिकटते, ती सुलटी. पण तेही कोपरा..."

"हाच," बाई म्हणाल्या, आणि निकालपत्र द्यावं तसा ताव जावईबापूंच्या दिशेने पुढे केला. दिशा बरोबर होती. उंचीचा अंदाज चुकला. अठरा इंची कागद थेट जावईबापूंच्या तोंडावर, मधोमध, येऊन बसला.

"सुलटा आहे," जावईबापू कागदाआडून म्हणाले. "चिकटला."

बाईंनी ताव परत ओढून घेतला. नेमक्या त्याच क्षणी बायको बापाच्या पायाखालून आपला पाय सोडवायला गेली आणि बादलीत गेली. बादली लवंडली, बाई "अगं, अगं" करत मागे झुकल्या, आणि डॉक्टरांचा शांत आवाज आला, "घाबरू नका. मी दिवा आणलाय. लाल आहे."

आणि त्यांनी खिशातली लाल विजेरी लावली.

त्या उजेडात जावईबापूंचा चेहरा कसा दिसला, हे बायको अजूनही सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते आधी लाल दिसले, मग त्या लाल उजेडातही पांढरे.

"बाबा, बंद करा."

"लाल आहे. फिल्मला काही होत नाही."

"काळ्यापांढऱ्याला होत नाही, बाबा. रंगीत कागदाला लाल काय आणि ऊन काय, सारखंच."

विजेरी बंद झाली. पुन्हा काळोख. यंत्रावर पाच ताव उताणे पडले होते, आणि पाचही आता फडताळात अंथरण्याच्या लायकीचे झाले होते. जावईबापूंच्या डोळ्यांपुढे उद्याचे दहा वाजले. सभागृह, सहा चेहरे आणि सातवा खिळा, नुसताच.

"माझा ताव हवाय का?" बाईंनी विचारलं.

"तो तुमच्या हातात होता ना? तोही गेला."

"हातात कशाला ठेवू? काखेत आहे. शालीच्या आत."

चौतीस वर्षं प्रश्नपत्रिका सांभाळलेल्या बाईंनी, गडबड झाल्याबरोबर, हातातला कागद सवयीने काखेत घातला होता. अशा स्थितीत आजवर एकही पेपर फुटला नव्हता.

जावईबापूंनी तिघांना पायऱ्या उतरवाव्यात तसं हाताला धरून बाहेर काढलं. तेवढा वेळ ताव काळ्या पिशवीत. मग दार परत बंद. एकच ताव, म्हणजे चाचणीला तुकडा नाही. रंग अंदाजाने, सेकंद अंदाजाने. आयुष्यात अंदाज या गोष्टीवर दंड आकारत आलेल्या माणसाने चौदा सेकंद मनात मोजले, ताव गुंडाळून बंद डब्यात घातला, रसायन ओतलं आणि डबा बाळाला जोजवावं तसा मांडीवर फिरवत ठेवला. बाहेरून कुणीही काही विचारलं नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी दिवा लागला, दार उघडलं आणि ओला फोटो दिवाणखान्याच्या खिडकीपाशी आला.

बाई हसत होत्या. चादरीपलीकडून, मान जरा मागे टाकून, शाळेतल्या कुणीही कधी पाहिलं नव्हतं असं. रंग जमला होता. कागद तर असा शोभला होता की जावईबापू स्वतःवर खूश व्हायला सुरुवात करणार होते.

"हे गालावर काय?" बायकोने विचारलं.

डाव्या गालावर, हसण्याच्या रेषेला लागून, एक फिकट तांबूस डाग होता. बाईंनी चष्मा लावला. फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"ओठ आहेत," त्या म्हणाल्या.

जावईबापूंना जमीन फार सपाट वाटली. शिरायला कुठेही जागा नव्हती. बायको खिडकीबाहेर बघू लागली आणि तिचे खांदे हलू लागले. बाईंनी मात्र जावयाकडे पाहिलंच नाही; नियम सांगणारा तो, कोपऱ्यापलीकडे ओठ लावणार नाही, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"डॉक्टर, तुम्ही?"

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला. रोज वीस तोंडं बघणारा माणूस तो. डागाकडे बघितलं, मग एकदा जावईबापूंच्या तोंडाकडे, आणि मग फोटो हळूच टेबलावर ठेवला.

"अंधार होता," ते म्हणाले.

"एवढी माणसं असताना?" बाई म्हणाल्या. आवाज दटावणीचाच होता, पण शेवटी कुठेतरी घसरला.

"मी... पुढच्या आठवड्यात दुसरा छापून देतो," जावईबापू पुटपुटले. "उद्या नुसती चौकट..."

"काही गरज नाही. हाच जाईल."

रविवारी दहाला हाच गेला. सहा रागीट माणसांशेजारी बाई हसू लागल्या. मागच्या रांगेत बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण, आता स्वतः केस पिकलेला, उठून जवळ आला, निरखून म्हणाला, "बाई, तुमच्या गालाला खळी पडते? आम्हाला कधी दिसलीच नाही."

"तुमचे निबंध वाचून कशी पडणार?" बाई म्हणाल्या, आणि सगळं सभागृह हसलं. घाबरून नव्हे.

बाहेर व्हरांड्यात जावईबापूंनी सासऱ्यांना गाठलं. "बाबा, ते ओठ..."

"तुमचे. खालचा ओठ उजवीकडे ओढलेला आहे. तिकडची तुमची दाढ मीच काढली होती, जरा घाईत."

"मग बाईंना सांगायला हवं."

"खबरदार," डॉक्टर म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कालपासून ती मला 'अहो' म्हणते आहे."

पुढच्या शनिवारी दुकानात नवा माल आला. दोनच्या ठोक्याला बाई न्हाणीघराच्या दारात हजर. दवाखान्यात डॉक्टरांचा फोटो हवा, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

"कागद आम्ही दोघं निवडू," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबा, जावईबापू. फटीतला टॉवेल तेवढा नीट धरा."

डॉक्टर विजेरी बाहेर ठेवून, मान खाली घालून आत गेले. दार लागलं. जावईबापू स्वतःच्या डार्करूमबाहेर गुडघे टेकून टॉवेल धरून बसले. पंचवीस मिनिटं झाली. आतून ग्लॉसीबद्दल नाही, मॅटबद्दल नाही, पर्लबद्दल तर अक्षर नाही. एकदा फक्त डॉक्टरांचं हसू ऐकू आलं.

शेवटी दार उघडलं. बाईंनी शाल सारखी केली.

"ठरलं का?" जावईबापूंनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "घाई नको. उद्या पुन्हा बघू."

पिशव्या तिन्ही न उघडलेल्या होत्या.