सोलॅनम मेलोंजेना वाढा

लग्नाच्या पंगतीत आमच्या साकोलीचे लांजेवार सर बसले की वाढप्यांची पाचावर धारण बसते. "थोडं सोलॅनम मेलोंजेना येऊ द्या जी!" सर खड्या आवाजात सांगतात. बिचारा वाढपी वरण घेऊन येतो, मग बुंदी, मग मीठ. शेवटी पलीकडून कोणीतरी ओरडतं, "अबे, सरले वांगे दे!"

सर जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर आणि माझे शेजारी. प्रत्येक वस्तूचं खरं नाव लॅटिनमध्ये असतं, बाकीची नुसती लाडाची नावं, असं त्यांचं ठाम मत. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांनी आधी लॅटिन शिकावं म्हणून ते अंगणात फुकट शिकवणी घेतात. "पाया पक्का पाहिजे, पाया!" हे त्यांचं पालुपद. पोरं दोन दिवसांत पळ काढतात. यंदा टिकली ती एकटी माझी लेक रेणू. ती गेली की शिकवणी बंद.

एकदा मी विचारलंच, "सर, लॅटिनचा खरंच फायदा होते का?"

सरांनी आधी रेणू जवळपास नाही ना, ते पाहिलं. "हाडांची नावं जराशी लवकर पाठ होतेत. बाकी परीक्षेत काही नाही."

"मग काहून शिकवता जी?"

"तुमची काकू होती तवा चुलीपासून विचारे, 'आज ओरायझा शिजवू का ट्रिटिकम लाटू?' म्हणजे भात का पोळ्या. सातवी शिकली होती ती. आता मीच बोलतो अन् मीच ऐकतो."

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मला फार वाईट वाटलं.

मागच्या आठवड्यात रेणू नागपूरला मोठ्या क्लासला गेली. सरांना सांगणं तिच्या जिवावर आलं, म्हणून संध्याकाळी मी गेलो. सर चटई अंथरून, हातात खडू घेऊन बसलेले. मी सांगितलं.

"बरं झालं. तिथं तिले कामाचं शिकवतीन," सर म्हणाले आणि खडू खाली ठेवून चटई गुंडाळायला वाकले.

मी चटईच्या दुसऱ्या टोकावर बसकण मारली. "सर, वांग्याले काय म्हणता तुम्ही?"

अख्खी साकोली ज्यावरून त्यांना चिडवते, ते मला ठाऊक नसेल? सरांनी हातातलं चटईचं टोक परत खाली सोडलं. मग त्यांनी खडू उचलला.

"सरळ बसा जी," ते म्हणाले. "पाया पक्का पाहिजे, पाया."