आत पाऊस: हलका

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराची फट ३.४ मिलिमीटर आहे आणि मागच्या उजव्या दाराची ७.१. मोजमाप मी सकाळी आठ वाजता, सहा अंश तापमानात, कार्यालयातल्या पोलादी मापपट्ट्यांनी तीनदा घेतलं आणि सरासरी काढली. (मी नद्यांची पातळी मोजणाऱ्या खात्यात आहे. आमच्याकडे एकदाच घेतलेल्या मापाला अफवा म्हणतात.)

जगात कोणतीही वस्तू निर्दोष नसते. निर्दोष असते ती फक्त तिच्यासोबत आलेली पुस्तिका. हे सगळेच मान्य करतात. आमच्या वोल्डाची, नॉर्वेतल्या या गावाची, माणसं त्याच्याही एक पाऊल पुढे जातात. खराब हवामान असं काही नसतं, असतात ते चुकीचे कपडे, अशी आमच्याकडे म्हण आहे. बारमाही पावसाच्या गावाला याहून सोयीचं तत्त्वज्ञान सापडायचं नाही. त्याच न्यायाने खराब गाडी असंही काही नसतं; प्रवासी चुकीचे कपडे घालून बसलेले असतात. आम्ही नोव्हेंबरपासून गाडीत रेनकोट घालून बसतो, आणि रेनकोटाबद्दल आमची काही तक्रार नाही.

गाडी विजेवरची, कुटुंबासाठी, नवीकोरी. कंपनीचं नाव मी सांगत नाही. गाडीवरचं ते तिसऱ्याच आठवड्यात निखळून फ्योर्डात, म्हणजे गावाला लागून असलेल्या समुद्राच्या खाडीत, पडलं. जे गाडीला धरून ठेवता आलं नाही, ते मी कशाला धरून बसू?

गाडी घेतली माझ्या नवऱ्याने, औडुनने. नुसती घेतली नाही. आमच्या वसाहतीत अकरा घरं आहेत, आणि शाळेत भूगोल शिकवण्याचा एकोणीस वर्षांचा अनुभव पणाला लावून औडुनने उरलेल्या दहाही घरांना हीच गाडी घ्यायला लावली. समाजगृहात तक्ते टांगले, शंकांना उत्तरं दिली, वर वॉफल खाऊ घातले. एकदम अकरा गाड्या घेतल्या म्हणून कंपनीने प्रत्येकाला पायाखालच्या रबरी चटया भेट दिल्या. (चटया उत्तम आहेत. पाणी धरून ठेवतात.)

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे अकरा महिने जे घडलं नाही, ते यामुळे घडलं नाही. गाडी परत करायची तर ते औडुनला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागणार होतं. आणि ज्या तोंडाने दहा घरांना पटवलं, ते तोंड या एका वाक्यासाठी उघडेना.

दोष एकूण एक्केचाळीस. सगळे देत नाही. वाचकांच्या वेळेची मला किंमत आहे, सेवा केंद्राला माझ्या वेळेची नसली तरी.

छताचं कापड पहिल्या महिन्यात सैल पडून औडुनच्या टाळूवर टेकलं. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने, इल्वाने, आपले केसांचे चार चाप लावून ते वर केलं. (चाप निळे आहेत. कंपनीने या रंगाचे वेगळे पैसे लावले असते.) उजवीकडे वळायचा दिवा लावला की मागची काच तापते. डावीकडचा लावला की काहीच होत नाही. दिवासुद्धा लागत नाही. ताशी ६२ किलोमीटर वेगाला पुढच्या फळीतून एक बारीक, लांब स्वर निघतो. सेवा केंद्राने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि लेखी कळवलं: ‘आवाज ऐकला. सुरात आहे.’ तेव्हापासून इल्वा त्यावर व्हायोलिन लावते. सामानाच्या जागेखाली आठवड्याला सरासरी २.३ लिटर पाणी साचतं, आणि एप्रिलमध्ये मागच्या सीटच्या पट्ट्याच्या खाचेत शेवाळ उगवलं. मी ते भिंगाखाली पाहिलं. स्थानिक जात निघाली. गाडीत स्थानिक असं तेवढंच.

कंपनी तक्रारींकडे दुर्लक्ष करते असं मात्र कोणी म्हणू नये. प्रत्येक तक्रारीनंतर गाडीत आपोआप नवं सॉफ्टवेअर येतं. फटीबद्दल कळवलं, तेव्हा नव्या सॉफ्टवेअरने फटीची मान्य मर्यादा पाचवरून आठ मिलिमीटर केली. म्हणजे आता आमची फट ०.९ मिलिमीटरने कमी भरते, आणि त्याबद्दल कंपनीने अजून आम्हाला जाब विचारलेला नाही, हा तिचा मोठेपणा. पाण्याबद्दल कळवलं, तेव्हा गळती थांबली नाही, पण पडद्यावर एक नवी ओळ दिसू लागली: ‘आत पाऊस: हलका’. इतका पारदर्शक कारभार आमच्या खात्यातही नाही. मी वाटीत पाणी धरून पडताळा घेतला. अंदाज बरोबर होता.

औडुनची आई बोर्गहिल्ड चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि फ्योर्डाच्या पलीकडे एकट्या राहतात. दर रविवारी आम्ही त्यांना जेवायला बोटीने गाडीसकट घेऊन येतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बोट आमच्या काठाला लागली, पुढच्या गाड्या उतरल्या आणि आमची चालू होईना. पडद्यावर आलं: ‘दार उघडं आहे.’ दार उघडं नव्हतं. त्याची फट ७.१ होती, एवढंच. दार उघडं आहे असं गाडीला वाटत होतं, म्हणून ती चालत नव्हती. आणि आपण कुलूपबंद आहोत असं दाराला वाटत होतं, म्हणून ते उघडत नव्हतं. त्या दाराला टेकून सासूबाई बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूने सरकून उतरायला त्यांच्या कमरेने नकार दिला. आमची गाडी कडेच्या रांगेत शेवटची होती, कोणाला अडचण नव्हती. बोट आम्हाला घेऊनच परत फिरली.

“औडुन, पोचलो का रे?” सासूबाईंनी विचारलं.

“पोचलो होतो, आई. आता परत निघालोय.”

“बरं झालं. स्वयंपाकघरातला दिवा राहिलाय का, ते काठावरून दिसेल.”

दिवा राहिला होता. तिसऱ्या फेरीला बोटीवरचा माणूस काचेपाशी वाकून म्हणाला, “काकू, तुमचं नाव आता आमच्या हजेरीपटावर घालतो. कॉफी आणू?”

“आण, बाळा. आणि ऐक. आमच्या ह्यांची गाडी होती ना, तिच्या दाराला लाथ घालावी लागायची. पण घातली की लागायचं. हिला लाथ घालायची कुठे, तेच कळत नाही.”

चौथ्या फेरीला गाडीचा गैरसमज आपोआप दूर झाला. घरी येताना मी म्हटलं, “औडुन, आता तरी परत करूया.”

“एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये,” औडुन म्हणाला. “तूच म्हणतेस ना?”

मीच म्हणते.

तरीही त्याने कंपनीला कडक पत्र लिहिलं. कडक म्हणजे आमच्याकडचं कडक. आमच्या भागात लग्नाचं, नवजात बाळाचं आणि सणाच्या जेवणाचं कौतुक ‘वाईट नाही’ या शब्दांत करतात, आणि एखाद्या घराशी कायमचे संबंध तोडायचे असतील तर ‘थोडं वेगळं करता आलं असतं’ एवढं म्हणतात. औडुनने लिहिलं: ‘काही गोष्टी थोड्या वेगळ्या करता आल्या असत्या.’ पत्र धाडून तो मारामारी करून आल्यासारखा धापा टाकत बसला. मी त्याला पाणी दिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: ‘आपल्या प्रेमळ शब्दांनी आम्ही भारावलो. आपली नोंद समाधानी ग्राहकांत केली आहे.’

मेच्या पहिल्या शनिवारी वसाहतीचं श्रमदान असतं. ते ऐच्छिक आहे. (न येणाऱ्याचं नावही ऐच्छिकपणेच फळ्यावर लिहितात.) पानं गोळा करायची, कुंपण रंगवायचं, पन्हळी दुरुस्त करायच्या आणि शेवटी तपकिरी चीज घालून वॉफल खायचे. यंदा पन्हळींसाठी म्हणून अकरा घरांनी मिळून पाणीरोधक चिकटपट्टीची ४३ रिळं आणली. पन्हळी आठ आहेत. प्रत्येक पन्हळीला ५.४ रिळं येतात. मी भागाकार तीनदा तपासला आणि झाडू घेऊन वाहनतळावर गेले, तर वसाहतीचे अध्यक्ष ओड्वार आपल्या गाडीमागे गुडघे टेकून बसलेले.

“ओड्वार, काय शोधताय?”

“मांजर.”

“तुमच्याकडे मांजर कुठे आहे?”

“तरीच सापडत नाहीये.”

एवढ्यात त्याच गाडीखालून सात नंबरच्या घरातला सुतार ब्यार्ते सरपटत बाहेर आला. त्याच्या हातात चिकटपट्टी होती आणि दाढीतून पाणी ठिबकत होतं. “मांजराला,” तो म्हणाला, “थोडी गळती आहे.”

दहा मिनिटांत अकराही घरं तिथे जमली. मी मापपट्ट्या आणल्या. अकरा गाड्यांच्या मागच्या उजव्या दारांची फट मोजली: सरासरी ७.१, एकाही गाडीत फरक ०.१ पेक्षा जास्त नाही. चुकीत इतकी शिस्त मी आजवर कुठल्याही नदीत पाहिलेली नाही.

अकरा घरांचं दुःख एकच निघाल्यावर ती मिळून तक्रार करतील, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्याकडे अकरा माणसं एका जागी जमली की तक्रार होत नाही, श्रमदान होतं. तिथल्या तिथे दार समिती, पाणी समिती आणि स्वर समिती नेमल्या गेल्या. शेवाळ समितीचं अध्यक्षपद सासूबाईंना सन्मानाने देण्यात आलं. त्यांनी ते फोनवरून एका शब्दात नाकारलं, आणि तो शब्द इथे देण्यासारखा नाही. दर शनिवारी गाड्या पुसायच्या, चिकटवायच्या, ठोकायच्या. स्वर समितीच्या लक्षात आलं की अकरा गाड्या किंचित वेगवेगळ्या पट्टीत गातात आणि एकत्र फार गोड लागतात. म्हणून सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत बँडऐवजी गाड्याच ठेवल्या. (स्वर ६२ च्या वेगालाच निघत असल्याने मिरवणूक चार मिनिटांत आटोपली. झेंडे घेतलेली मुलं अजून दमलेली आहेत.)

श्रमदान सुरू झाल्यापासून वसाहतीतून एकही तक्रार येत नाही, हे पाहून जूनमध्ये कंपनीने आम्हाला देशातली सर्वांत समाधानी वसाहत म्हणून मानपत्र पाठवलं. मानपत्राच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ज्या घराला गाडी परत करायची असेल, त्या घरातल्या खरेदीदाराने येत्या शुक्रवारी चारच्या आत सेवा केंद्रात स्वतः येऊन निर्णय तोंडी सांगावा, त्यानंतर गाडी निर्दोष समजली जाईल.

सासूबाईंनी आपला निर्णय आधीच सांगितला. “शुक्रवारी तू गप्प बसलास, तर रविवारी मी येणार नाही. त्या डब्यात बसून मरायचं नाही मला. तुम्हीच या वाटल्यास, पोहत.” औडुन त्या दिवशी जेवला नाही.  शुक्रवारी दुपारी उरलेल्या दहाही घरांना अचानक सेवा केंद्रासमोरच्या दुकानातून खिळे आणायचे होते.

आम्ही पावणेचारला पोचलो. काउंटरवर हेगे नावाची शांत बाई होती. मी सव्वीस पानांचा अहवाल तिच्यापुढे ठेवला, आलेखांसह.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण निर्णय तोंडी लागतो. आणि मान हलवलेली चालत नाही. सिस्टीममध्ये मानेचा रकाना नाहीये. बोला, औडुन.”

औडुन खाकरला. “आज हवा वाईट नाही.”

“हे निर्णयात लिहू?”

“नको.”

शेजारी एक गृहस्थ उभे होते. शेजारच्या एर्स्टा गावाहून बायकोला घेऊन हीच गाडी बघायला आले होते. ते माझ्या खांद्यावरून अहवाल वाचत होते. मी पान उलटायला उशीर केला की हलकेच खोकत. फट वाचली, शेवाळाचं रेखाचित्र पाहिलं, सासूबाईंच्या चार फेऱ्यांचा नकाशा बायकोला दाखवला. सव्विसावं पान संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि औडुनकडे वळून अतिशय अदबीने म्हणाले, “फार मोलाची माहिती आहे हो. एकच विचारतो, राग मानू नका. एकदा चार्ज केली की जाते किती?”

वाचकांनी त्यांना हसायचं कारण नाही. तुम्हीही फट, गळती, शेवाळ आणि बोटीत अडकलेली चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, सगळं वाचलंत. आणि पहिल्या परिच्छेदापासून मनात जो एक प्रश्न दाबून बसला आहात, तो काय वेगळा आहे? (४१२ किलोमीटर. थंडीत २६३. घेऊनही टाकलीत ना मनातल्या मनात?)

औडुनला उत्तर पाठ होतं. समाजगृहात ते त्याने दहा घरांना दहा वेळा दिलं होतं. त्याची छाती फुगली, हात तक्त्याकडे जावा तसा वर गेला, तोंड उघडलं. मग त्याने त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे खिळ्यांच्या पुड्या घेऊन ओळीने उभ्या असलेल्या दहा चेहऱ्यांकडे पाहिलं. चार वाजायला दोन मिनिटं होती. वर गेलेला हात त्याने हळूच खाली घेतला आणि तो हेगेकडे वळला.

“गाडी परत घ्या,” औडुन म्हणाला.