कोर मजबूत पाहिजे!

"अमेरिकेच्या कॉलेजचं सगळं मी बघतो! त्यात कुणी तोंड घालायचं नाही!"

शिरीषने अशी घोषणा केली तेव्हा त्याच्या बायकोने, जयवंतीने, कुकरची शिट्टी होऊ दिली आणि मग शांतपणे विचारलं, "पण तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"चौदा मजल्यांची लिफ्ट कळते, तर एक कॉलेज कळणार नाही?"

शिरीष मूळचा चिपळूणचा, मुक्काम मस्कतमधलं हमरिया, काम लिफ्ट-दुरुस्तीच्या सुपरवायझरचं. त्याची लेक अश्लेषा भालाफेकीत अशी तयार, की तिने धाव घेतली की मैदानावरचे कावळे आपणहून कुंपणापलीकडे जाऊन बसत. आखाती शाळांच्या स्पर्धेत तिने सुवर्णपदक आणलं, शाळेतल्या खेळाच्या सरांनी व्हिडिओ अमेरिकेतल्या एका कॉलेजला धाडला, आणि अकरावी नुकतीच सुरू झालेली असताना तिकडच्या कोचबाईंचा फोन आला. थेट शिरीषला!

तो तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. डोक्यावर ड्रिल चाललेलं. बाई भराभर बोलत होत्या, त्यातलं त्याला एवढंच ऐकू आलं: "भाला उत्तम. पण कोर पूर्ण पाहिजे. कोर कच्चं राहिलं तर नियमाने मी तिला घेऊच शकत नाही."

"येस मॅडम! कोर! इन्शाल्ला!"

कोर म्हणजे काय हे न कळायला शिरीष काय खुळा होता? शेजारच्या रुवी भागातल्या जिममध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेलं त्याने शंभरदा वाचलं होतं. कोर म्हणजे पोट! पोटाचे स्नायू!

"बाबा, कोर सब्जेक्ट्स म्हणाल्या असतील," अश्लेषा म्हणाली. "आर यू शुअर? मी बोलू का त्यांच्याशी?"

"असलं बोलणं पालकांनी करायचं असतं. आणि सब्जेक्टचं नावही काढलं नाही बाईंनी!"

पोट घडवायला वेळ हवा, आणि वेळ खात होतं गणित. शिरीष तडक शाळेत गेला आणि तिचं गणित काढून टाकून त्या जागी शारीरिक शिक्षण घेऊन आला.

"अहो, एकदा कुणाला विचारा तरी!" जयवंती म्हणाली.

"गणिताने भाला लांब जातो का?"

"जातो ना, बाबा," अश्लेषा हळूच म्हणाली. "अँगल असतो त्याला."

शिरीषला हा चक्क उद्धटपणा वाटला.

मग दोन वर्षं हॉलमध्ये चटई पसरलेली. पोरगी त्यावर कोपरांवर तोललेली, फळीसारखी ताठ, आणि शिरीष शेजारी खुर्चीत चहा पीत, "यल्ला, अजून थोडं!" खालच्या मजल्यावरचे मसालेवाले जहूरभाई एकदा डोकावले आणि चक्रावलेच.

"शिरीषभाऊ, पोरीच्या पोटाचं अमेरिकेला काय करायचंय?"

"नियम आहे, जहूरभाई! तिकडे सगळं नियमाने चालतं!"

मधूनमधून कोचबाई फोनवर विचारत, "कोर कसं चाललंय?"

"लोखंड, मॅडम! रोज सकाळी!"

बाई खूश! असा पालक त्यांना उभ्या जन्मात भेटला नव्हता.

बारावीचा निकाल लागला. शारीरिक शिक्षणात अश्लेषा शाळेत पहिली! त्याच संध्याकाळी बाईंचा व्हिडिओ कॉल ठरलेला. जहूरभाई ओमानी हलव्याचा डबा घेऊन आधीच हजर. अश्लेषा नवा टी-शर्ट घालून बसली होती, पण फोन अर्थातच शिरीषच्या हातात.

"अभिनंदन!" बाई म्हणाल्या. "आता मला तिचं कोर दाखवा."

"अश्लेषा, चल! दाखव!"

ती बिचारी चटईवर पालथी होऊन कोपरांवर तोलून राहिली. शिरीषने फोन डोक्यापासून टाचेपर्यंत फिरवला, लग्नाच्या व्हिडिओवाल्यासारखा. पलीकडे बाई स्क्रीनजवळ सरकल्या.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं. "मॅथ कुठाय?"

"मॅट? ही काय मॅडम, मॅट!" शिरीषने चटईचं टोक उचलून कॅमेऱ्यासमोर नाचवलं. "एकदम ओरिजिनल!"

अश्लेषाने कपाळ चटईला टेकवलं. तिला सगळं कळलं होतं.

ती उठली, बापाच्या हातातून फोन घेतला आणि इंग्रजीत बोलू लागली. बाई समजुतीने बोलत होत्या, तेच जास्त लागत होतं. कोर म्हणजे मुख्य विषय. त्यांत गणित हवंच. शारीरिक शिक्षण त्यांत धरतच नाहीत, शंभरपैकी शंभर असले तरी. या वर्षीची जागा आता दुसऱ्या मुलीला जाईल. गणित पुरं करून पुढच्या वर्षी जरूर कळवा, पण शब्द देत नाही.

फोन बंद झाला. जहूरभाईंनी हलव्याचा डबा न उघडताच टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या. जयवंती आत जाऊन कुकर लावू लागली. ती चार शब्द रागाने बोलली असती तर शिरीषला बरं वाटलं असतं.

"अश्लेषा..." शिरीष म्हणाला. "मला वाटलं..."

"इट्स ओके, बाबा." ती चटई गुंडाळत होती. मग वर न बघता म्हणाली, "मला गणित आवडायचं."

एवढंच. चौदा मजल्यांवरून लिफ्ट तुटून खाली यावी तसं शिरीषचं झालं. दोन वर्षांत त्याने पोरीला पोटाबद्दल हजारदा विचारलं होतं. काय आवडतं, हे एकदाही नाही.

आता अश्लेषा घरी बसून गणित करते. तिच्या वर्गातल्या मुली आपापल्या कॉलेजांना निघून गेल्या. कोचबाईंचा फोन अधूनमधून येतो. तो तीच घेते, खोलीत, दार लावून. शिरीष बाहेर अवघडून उभा राहतो आणि दार जरासं किलकिलं करून विचारतो, "काय म्हणाल्या?"

"काही नाही, बाबा. तुम्ही जा."

आणि शिरीष मुकाट्याने जातो. इंग्रजी त्याला कळतं म्हणा. पण तो आता तसं कुणाला सांगत नाही.