कुशाबांनी विमान तपासलं

विमानाची तिकिटं मोबाइलवर आली, तेव्हा कुशाबा रानवडे यांनी पहिला प्रश्न विचारला, "येवढी स्वस्त कशी?"

"ऑफर होती, काका," दयानंद म्हणाला.

"मंग नक्की कायतरी हाय."

दयानंद भोसीकर हा कुशाबांचा भाडेकरू. मूळचा नांदेडचा, नोकरी हिंजवडीत, आणि बिऱ्हाड जवळच्याच नांदे गावात कुशाबांच्या माडीवर. त्याच्या धाकट्या बहिणीचं, कल्पनाचं, नांदेडला लग्न होतं. बायको सुलक्षणा आधीच पुढे गेली होती. दयानंदला मात्र कंपनीने लग्नाच्या आदल्या दिवसापासूनच रजा दिली, म्हणून त्याने विमान धरलं, आणि घरमालकांनी लग्नाला आलंच पाहिजे असा आग्रह धरून कुशाबा आणि रंभाबाईंचीही तिकिटं काढली.

कुशाबा संशयी होते असं सांगणं म्हणजे मुळशीत पाऊस पडतो असं सांगण्यासारखं होतं. कलिंगड घ्यायच्या आधी ते विकणाऱ्यालाच त्यातली फोड खायला लावत. शेजारच्या रानात फ्लॅटचे टॉवर झाले, त्यांच्या जाहिरातीत निळंशार तळं होतं. जागेवर पाण्याचा टँकर उभा असे. तेव्हापासून छापलेल्या चित्रावर त्यांनी डोळे ठेवले, पण विश्वास ठेवला नाही. त्यामुळे 'मेघवाट एअर' या नव्या कंपनीच्या जाहिरातीतलं हसरं विमान त्यांनी बराच वेळ निरखलं.

"ह्याचं पंखं भाईर का हायेत?"

"छोटी विमानं अशीच असतात."

"आमच्या कडबाकुट्टीच्या मशीनचं पातंसुदिक झाकलेलं असतंय."

"काका, जगात विमानासारखा सुरक्षित प्रवास नाही. आकडे आहेत तसे."

"आकडं कोन देतंय? इमानवालंच ना?"

रंभाबाईंनी मात्र एकच अट घातली होती. "मला खिडकी पायजे. बाकी कायबी होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं विमानतळावर पोहोचले. विमान वेळेवर असल्याचं फलकावर लिहिलं होतं. थोड्या वेळाने ते उशिरा असल्याचं लिहून आलं. कुशाबा उठले आणि काउंटरवरच्या मुलीकडे गेले. तिने 'तांत्रिक कारण' असं सांगितलं. कुशाबा परत येऊन बसले, थोडं थांबले आणि पुन्हा गेले. या वेळी तिथे एक मुलगा होता. तो म्हणाला, 'प्रशासकीय कारण'.

"दोघांचं दोन जबाब," कुशाबांनी येऊन सांगितलं. "पोलीस असता तर दोघास्नीबी बसवून घेतलं असतं."

"उशीर करतात म्हणजे काळजी घेतात," दयानंद म्हणाला. "थांबा, तुम्हाला या विमानाची माहितीच काढून दाखवतो. म्हणजे तुमची शंका मिटेल."

त्याने मोबाइल काढला. इथून घोटाळ्याला सुरुवात झाली. काचेपलीकडे उभ्या असलेल्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर त्याने शोधला, तेव्हा कळलं की हे विमान मेघवाटकडे येण्याआधी दुसऱ्या एका देशातल्या कंपनीकडे होतं, त्याआधी तिसऱ्याच देशात होतं, आणि ती पहिली कंपनी आता राहिलीच नव्हती. दयानंदने ते वाचलं आणि मोबाइल खिशात ठेवला.

"काय निघालं?" कुशाबांनी विचारलं.

"काही नाही. अनुभवी विमान आहे."

"म्हंजी जुनं."

दयानंदने पुन्हा मोबाइल काढला. आता तो स्वतःसाठी वाचत होता. छोट्या कंपन्या, सुटे भाग मिळायला लागणारा वेळ, कमी पगार, थकलेले वैमानिक असं एकातून दुसरं निघत गेलं. रंभाबाईंनी डब्यातली धपाटी पुढे केली, तर त्याने मानेनेच नको म्हटलं.

इकडे कुशाबा काचेला नाक लावून उभे होते. खाली एक तरुण बाई विमानाभोवती फिरत होती. पांढरा सदरा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. तिने चाकाला हात लावला, वाकून पोटाखाली बॅटरी मारली, पंख्याच्या पात्यावरून तळवा फिरवला. मग मेकॅनिकला काहीतरी विचारलं. त्याने मान डोलावली, तरी तिने स्वतः शिडीवर चढून पाहिलं. कुशाबांना बैलबाजारातला आपला बाप आठवला. तोही विकणाऱ्याचं बोलणं ऐकून घ्यायचा आणि मग बैलाचं तोंड उघडून स्वतः दात बघायचा.

थोड्या वेळाने तीच बाई प्रवाशांना उशिराचं सांगायला वर आली. कॅप्टन अपूर्वा, असं तिने नाव सांगितलं. कुशाबा थेट तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, इमान तुमीच चालवनार?"

"हो, मीच."

"तुमचा त्याच्यावं इश्वास हाय?"

आसपासचे प्रवासी मोबाइलमधून वर बघू लागले.

"खरं सांगू का आजोबा, यंत्रावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. सकाळी समोरच्या पॅनेलवरचा एक दिवा मला पटला नाही. ते म्हणाले चालतंय, मी म्हटलं बदला. बदलला, पुन्हा तपासला, मग मी सही केली. म्हणून उशीर झाला."

"रातच्याला झोप झाली व्हती?"

"चांगली झाली होती."

"आन घरी कोन?"

"दोन वर्षांची मुलगी आहे."

कुशाबा परत आले आणि रंभाबाईंच्या शेजारी निवांत बसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी पाठ टेकली.

"चला. इमान ठीक हाय."

"कशावरून?" दयानंदचा आवाज बारीक झाला होता.

"तिचा इश्वास न्हाई म्हनली. मानूस कामाचं हाय."

"काका, वैमानिकाचाच विश्वास नाही आणि तुम्ही ठीक म्हणताय? दिवा बिघडलेला होता म्हणाली ती."

"बिघडलेला व्हता म्हनूनच सांगितलं ना तिनं. आवो, तुमचं आकडं कुटं गेलं?"

आकडे दयानंदच्या तोंडावर दिसत होते. तरी तो बसमधून विमानापर्यंत गेला. रंभाबाई पदर खोचून भराभर शिडी चढल्या आणि खिडकी पकडून बसल्या. कुशाबांनी जाता जाता चाकाला लाथ मारून पाहिली. सुरक्षारक्षकाने हटकलं, तर "हवा बघतुया" म्हणाले. दयानंदने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात वरून हवाई सुंदरी म्हणाली, "सर, तुमची सीट पुढे आहे, पण प्लीज मागे बसाल का? विमानाचा तोल राखायचाय."

दयानंदने पाय खाली घेतला.

"एका माणसाने तोल जातो?"

"तसं नाही, सर, नेहमीचीच पद्धत आहे."

"मी गाडीने येतो," दयानंद म्हणाला. "काका, तुम्ही उतरा. आपण सगळेच गाडीने जाऊ."

"ही उठायची न्हाई आता," कुशाबांनी विमानाच्या दारातून आत डोकावून सांगितलं. "तुमी या सावकाश."

दयानंदची बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागली. त्यात आणखी उशीर झाला. कोणामुळे, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा कुशाबा म्हणाले, "ज्याच्यावं संशय घ्यायचा, तो आमच्याच माडीवं ऱ्हातोय."

विमान थोडं हादरलं, रंभाबाईंनी डोंगर, धरणं आणि गोदावरी बघून घेतली, आणि दुपारच्या जेवणाला दोघं नांदेडला मांडवात होते.

दयानंदने एसटी स्टँडबाहेर एक भाड्याची गाडी केली. चालकाची झोप झाली आहे का, हे त्याने विचारलं नाही. चाकांकडे पाहिलं नाही. चालक एका हाताने मोबाइलवर व्हिडिओ बघत, दुसऱ्याने गुटख्याची पुडी फोडत होता, आणि स्टिअरिंग गुडघ्यांवर सोडलेलं होतं. जमिनीवर असल्यामुळे दयानंद निश्चिंत झोपला. बीडच्या अलीकडे इंजिनातून धूर निघाला. गॅरेजवाला सुट्या भागासाठी तालुक्याला गेला, तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उगवला.

इकडे मुहूर्त आला. अक्षता पडल्या. गुरुजींनी पुकारा केला, "नवरदेवाचा कान पिळायला नवरीच्या भावाने यावं." सुलक्षणाने फोन लावला. दयानंद म्हणाला, "आलोच, परभणी सोडली." मागून कोंबडा आरवला. गुरुजी थांबायला तयार नव्हते. कल्पनाचे डोळे भरून आले. शेवटी सुलक्षणाने कुशाबांना पुढे ढकललं.

कुशाबांनी नवरदेवाचा कान धरला, पण पिळला नाही.

"पोरीला सुखात ठिवनार?"

"हो."

"खात्रीनं?"

नवरदेव गोंधळला. कान अजून कुशाबांच्या हातात होता. "खात्री कशी देणार? पण चुकलो तर ती सांगेल, आणि मी ऐकेन."

कुशाबांनी कान अगदी हलकेच पिळला आणि सोडून दिला. कल्पना हसली. नवऱ्याकडच्यांनी रीतीप्रमाणे कुशाबांना पोशाख केला, फेटा बांधला आणि मानाच्या पंगतीत नेऊन बसवलं.

दयानंद पोहोचला तेव्हा शेवटच्या पंगती उठत होत्या. अंगभर धूळ, कपाळावर ऑइलचा पट्टा, हातात बॅग. मांडवाच्या दाराशी नवऱ्याकडचे विठ्ठलराव उभे होते. लग्नात फुकट जेवायला येणारे त्यांनी आजवर पुष्कळ पाहिले होते.

"कोण आपण?"

"नवरीचा भाऊ."

विठ्ठलरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नवरीचा भाऊ आत जेवतोय."

"अहो, मी सख्खा भाऊ आहे."

"सगळे तसंच म्हणतात," असं म्हणत विठ्ठलरावांनी पंगतीकडे वळून हाक दिली, "रानवडे, या माणसाला ओळखता का?"

फेट्यातल्या कुशाबांनी तोंडातली जिलबी आधी संपवली.

"वळखतो," ते म्हणाले. "वाढा त्याला. पर तो 'आलोच' म्हनला, तर पान मांडू नका."