न लपलेला फरारी

फरार झाल्यावर दर महिन्याला पोलिसांना पत्ता कळवणारा माणूस माझ्या सगळ्या नोकरीत मला एकच भेटला. बन्सी.

मी तेव्हा केज तालुक्यातल्या एका चौकीत जमादार होतो. दुष्काळाचं साल. टँकर आला की बायाबापड्या सोसायटीच्या टाकीपाशी घागरी रांगेत लावून घरी जात. माणूस नसला तरी घागर रांगेत उभी, तिला माणसाइतकाच मान. सोसायटीचे सेक्रेटरी भानुदासदादा, म्हणजे बन्सीचे सख्खे थोरले भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हापासून दादांनीच त्याला वाढवलेलं. सेक्रेटरीनं घरच्यांना आधी पाणी दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून दादांनी एके दिवशी बन्सीची घागर उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. तिच्यापर्यंत येईतो टाकी कोरडी. बन्सीनं तीच रिकामी घागर दादांच्या डोक्यात घातली. दोन टाके पडले.

बन्सी तडक केजला वकिलाकडे. वकील म्हणाला, "साधी मारहाण हाय. वरसाच्या आत फिर्याद कोर्टात गेली न्हाई, तर कोर्ट ती घेत न्हाई."

"मंग कर्नाटकात जातो अन् वरीस काढून येतो."

"राज्य सोडल्यानं मुदत थांबत न्हाई, देश सोडल्यावर थांबती. पण अटक चुकवायला लपलास, तर लपल्याले दिवस मोजत न्हाईत बरं का."

"देश कावून सोडू? बिदरपातूर जातो. जायचं, पण लपायचं न्हाई!"

गावात दादांच्या समोर पडायची हिंमत नव्हती, म्हणून जाणं भाग होतं. कायद्याचा एवढा बारीक अभ्यास आमच्या साहेबांनीही केला नसेल.

बिदरकडच्या एका गुऱ्हाळावर त्याला काम लागलं. पहिल्याच दिवशी तिथल्या ठाण्यात जाऊन त्यानं "हम फरार नहीं है" असं जाहीर केलं. त्यांनी चहा पाजून घालवून दिला. झोपडीवर त्यानं नाव, गाव, तालुक्याची पाटी लावली. थंडीत सगळे मफलर गुंडाळत, हा उघड्या तोंडानं कुडकुडायचा. तोंड झाकलं की लपला म्हणतील! मालकाची पोरं लपाछपीला बोलवायची, तर हा अंगणाच्या मधोमध उभा. हे सगळं नंतर तोच मला मोठ्या अभिमानानं सांगायचा.

आणि मला दर महिन्याला कार्ड. "जमादार, उघड हाय मी, लपलेलो न्हाई. पत्ता तोच." पुढे त्याच्या मते कामकाजाचा मजकूर: "फिर्यादीची जखम भरली का, तपास करावा. फिर्यादीला थंडीत ताक बाधतं, हे केसच्या कागदात लिहून ठेवावं."

गंमत अशी की केस नव्हतीच. डोक्याला पट्टी बांधलेल्या दादांना मी त्याच दिवशी विचारलं होतं. "घसरून पडलो," एवढंच ते म्हणाले. मी बन्सीला दोनदा कळवलं, तुझ्यावर तक्रार नाही, निघून ये. त्याचं उत्तर आलं, "असं बोलवून धरता तुमी, लई ठाऊक हाय."

दादा दर बाजाराला चौकीत डोकवायचे. टपालाचं काही विचारायचे नाहीत, नुसते बाकावर बसून राहायचे. मग मीच कार्ड वाचून दाखवायचो. ताकाचं ऐकून हसले आणि उपरण्यानं डोळे पुसत बसले.

वर्ष भरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बन्सी पिशवीत गुळाची ढेप घेऊन चौकीत हजर. "जमादार, मुदत संपली!"

मी तक्रारींचं रजिस्टर काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं पानं उलटली, मागची पुढची, पुन्हा मागची.

"दादानं तक्रार दिलीच न्हाई?"

"घसरून पडलो म्हणाले."

त्यानं रजिस्टर माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाला, "मंग आता लिहा. मी सांगतो. मारलं मी."

"आता कोर्ट घेणार नाही, बन्सी. दिवस तूच मोजलेस."

"शिक्षा भोगून आलो असतो, तर त्याच्या म्होरं हुबा तरी राहिलो असतो वो. आता काय तोंडानं जाऊ?"

मी टोपी घातली आणि त्याला घेऊन निघालो.

दादा ओट्यावर बसून बैलाच्या दाव्याला गाठ मारत होते. बन्सी उंबऱ्याबाहेरच थांबला. "दादा, मला मार. एकदा तरी मार."

दादा उठले. त्यांनी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, त्याच्याकडे नीट पाहिलं.

"किती वाळलास रं," म्हणाले.

बन्सी तिथंच मातीत बसून रडायला लागला. मी पोलीस माणूस, रडणं रोजचं पाहिलेलं, पण मला तिथं उभं राहवेना. मी चौकीच्या वाटेला लागलो.