चौदावं कलम

रविवारी सकाळी हरिचंद्राच्या घरात चहाला आधण ठेवायलासुद्धा भांडं शिल्लक नव्हतं, आणि दुपारी खरवईहून त्याची आई, कौसाबाई, यायची होती. तीही पहिल्यांदाच, गोरी सून बघायला. येण्याआधी तिने पुतण्या हिरामणबरोबर निरोप धाडला होता, "येते, बसते. पन तिच्या हातचं पानीबी पिनार नाय. माझा डबा मी घेऊन येते."

हरिचंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखान्याने त्याला नवी यंत्रं शिकायला दोन वर्षं जर्मनीला पाठवलं. हा पठ्ठ्या यंत्रं शिकला आणि येताना मार्टाशी लग्न करून आला. आई तीन महिने त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. आता ती स्वतःहून येते म्हणाली, तेव्हा आजचा दिवस काही करून साधायचाच, असं त्याने ठरवलं होतं. आईने सुनेच्या हातचा घोटभर चहा जरी घेतला, तरी त्याला गंगेत घोडं न्हाल्यासारखं वाटणार होतं.

म्हणून महिनाभर त्याने मार्टाला आपल्याकडच्या रीती शिकवल्या. चपला दाराबाहेर काढायच्या, डाव्या हाताने काही द्यायचं नाही, पाहुणा "पुरे" म्हणाला तरी वाढायचं. मार्टा सगळं एका वहीत नंबर घालून उतरवून घ्यायची आणि काटेकोर पाळायची. घोटाळा झाला तो चौदाव्या कलमामुळे.

"शेजाऱ्याचं भांडं कधी रिकामं परत द्यायचं नाही," हरिचंद्राने सांगितलं होतं. "ही आमच्या आईची शिकवण."

सोमवारी शेजारच्या रखमाबाईंनी वाटीभर अळूची भाजी पाठवली. मार्टाने वाटी घासूनपुसून लख्ख केली आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्याची भट्टी करून केक भाजला. केक काही वाटीत मावेना. मग तिने वाटीत साखरेत शिजवलेले पेरू भरले आणि केक आपल्या ताटलीत ठेवून दिला. रखमाबाईंची वाटी घरी पोचली, पण मार्टाची ताटली तिकडे राहिली. रखमाबाईही रीतीला पक्क्या. त्यांनी ताटलीत थालीपिठं रचली, आणि कोरडी कशी द्यायची म्हणून सोबत आपल्या पातेलीत ताक दिलं. आता त्यांची पातेली इकडे आली.

"पुरे झालं आता," बुधवारी हरिचंद्र म्हणाला.

"कलम चौदा," मार्टाने वही दाखवली.

गुरुवारी रखमाबाईंनी चांगली तोपभर खीर पाठवली. मार्टा तोपाकडे बघत विचारात पडली. सासूबाई येण्याआधी कोणाचं काही बाकी राहू नये, असं तिला वाटत होतं. शनिवारी तिने तोपात बटाट्याचं कालवण भरलं, पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. मग कढईत शेवया, पातेल्यात सूप, किटलीत लिंबाचं सरबत, असं करत घरातली होती नव्हती ती सगळी भांडी पलीकडे पोचवली. रखमाबाईंचा गूळ संपला होता, पीठ संपलं होतं. त्यांनी भांडी घेतली, कसंनुसं हसल्या आणि आतून कडी लावून घेतली.

रविवारी हरिचंद्राने ती कडी वाजवली.

"कोन नाय घरात!" आतून रखमाबाईंचा आवाज आला.

"रखमाबाई, भांडी तेवढी द्या हो. आई येतेय."

"रिकामी कशी देऊ, भावजी?"

"चालतील. मी सांगतो ना!"

"तुमाला चालतील. पन तुमची मेमसाब काय म्हनंल? आपल्या देशाची आब्रू हाय का नाय?"

देशाच्या अब्रूचा प्रश्न आल्यावर हरिचंद्राचं काही चालेना. तो घरी आला, तोवर दारात बैलगाडी थांबली होती. कौसाबाईने आत पाऊल टाकलं आणि तिची नजर आधी सुनेवर न जाता मोकळ्या फळीवर गेली.

"भांडी इकलीस काय रं, हऱ्या?"

हरिचंद्राने घाम पुसत सगळी हकिकत सांगितली. मार्टा डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभी होती.

"मंग हिनं जाऊन मागितली का नाय?"

"रिकामी मागितली तर रखमाबाईंना वाईट वाटेल म्हणते. तुझीच शिकवण, आये. मीच सांगितली."

"अर्धीच सांगितलीस, मेल्या! घरात काय नसंल तं चिमटीभर साखर टाकायची. रीत हाय ती, सजा नाय!"

कौसाबाई तरातरा शेजारी गेली. "रखमाबाई, काढ कडी! साखरेचा डबा आन." दहा मिनिटांत सगळी भांडी, प्रत्येकात चिमूटभर साखर घेऊन, घरी आली. मार्टाने वही काढून चौदाव्या कलमात दुरुस्ती केली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने मान खाली घातली.

पण बाकी सगळं आईने सांगितलं तसंच झालं. तिने आपल्या डब्यातली भाकरी आणि सुकट खाल्ली, आपल्याच तांब्यातलं पाणी प्यायली. चहा पुढे केला तर "नको" म्हणाली. पाहुण्याला आग्रह करायची रीत शिकवणारा हरिचंद्र आईपुढचा कप मात्र मुकाट उचलून आत ठेवून आला. त्याला फार वाईट वाटलं.

निघताना मार्टाने सासूचा धुतलेला डबा दोन्ही हातांनी पुढे केला. डबा जड होता. कौसाबाईने झाकण उघडलं. आत काठोकाठ केक होता.

"ह्ये काय?"

"रिकामं भांडं परत द्यायचं नाही," मार्टा एकेक शब्द जुळवत म्हणाली.

"अगं, चिमटीभर साखर चालली असती."

"घरात काही नसेल तर," मार्टा म्हणाली. "घरात आहे."

कौसाबाईने झाकण घट्ट लावलं. मग डबा पदराखाली घेऊन ती गाडीत जाऊन बसली.

आईने तो केक कोंबड्यांना घातला असेल का, या एकाच विचारात हरिचंद्राचा आठवडा गेला. पुढच्या रविवारी हिरामण डबा घेऊन आला. हरिचंद्राने घाईघाईने झाकण काढलं. आत चिमूटभर साखर होती.

"मिटलं सगळं," तो झाकण लावत म्हणाला. साखर टाकून आईने रीत पाळली होती आणि विषय संपवला होता.

"थांब रं, आजून हाय," म्हणत हिरामण गाडीकडे गेला आणि लग्नकार्यात काढतात तो घरचा भलामोठा तांब्याचा तोप दोन्ही हातांनी सावरत आत घेऊन आला. तोप साफ रिकामा होता.

"हा कशाला?" हरिचंद्राने विचारलं.

"काकीनं धाडलाय. म्हनली, तोप आपला हाय. रिकामा माघारी धाडायचा नसतो, येवढं तिला ठावं हायच."

मार्टाने वही उघडलीसुद्धा नाही. ती सरळ रॉकेलच्या डब्यात निखारे भरायला लागली.