दीड तासाची शांतता

लालबागच्या त्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दार लागलं की समजायचं, आत भांडण आहे, नाहीतर काहीतरी लपवायचं आहे. त्यामुळे गुरुवारी सकाळी अकराला दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरेकरांच्या दाराला आतून कडी लागली, ती गॅलरीतल्या प्रत्येक बाईला ऐकू गेली.

आत लपवण्यासारखं काही नव्हतं. रुचिका मांजरेकर परीक्षेला बसत होती. ती परळच्या एका कंपनीत नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होती. प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, स्क्रीन काळी पडली, की टेबलाखाली शिरायची तीच. तिचा साहेब विनीत. मीटिंगमध्ये आपला माइक बंद आहे हे त्याला अजूनही दुसऱ्याने सांगावं लागतं. महिन्यापूर्वी तो तिला म्हणाला, "सर्टिफिकेट नसलेली माणसं आता ठेवत नाहीत. पॉलिसी आहे. एकतीस तारखेपर्यंत आण, नाहीतर पुढचं कॉन्ट्रॅक्ट नाही." सर्टिफिकेट कसलं, तर कॉम्प्युटर सांभाळण्याची पहिली पायरी. म्हणजे नऊ वर्षं केलेलं काम आपल्याला येतं, हे आता दीड तासात सिद्ध करायचं. सेंटरवरच्या जागा पुढच्या महिन्यापर्यंत भरलेल्या. उरली घरून द्यायची परीक्षा, आणि एकतीसच्या आत तिचीही मोकळी तारीख एकच होती. आजची.

घरून म्हणजे कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस नको, बोलण्याचा आवाज नको, भिंतीवर काही नको. हे नियम ज्याने लिहिले त्याच्या घरात कुत्र्यालाही स्वतंत्र खोली असणार. मांजरेकरांची अख्खी खोली दहा बाय बारा. म्हणून सासू सुभद्राबाईंना सकाळीच शिवडीला त्यांच्या बहिणीकडे धाडलं होतं, आणि नवरा लवू रजा टाकून पहाऱ्याला होता.

कॅमेऱ्यातून नजर ठेवणारा माणूस कुठल्या शहरात बसला होता, देव जाणे. तो फक्त टाइप करायचा. परीक्षा सुरू होईपर्यंत रुचिका बोलून उत्तर द्यायची.

"खोली फिरवून दाखवा."

तिने लॅपटॉप फिरवला.

"कपाटाच्या आरशावर काहीतरी टाका."

चादर टाकली.

"पलंगाखाली काय आहे?"

"तांदळाचा डबा."

"उघडा."

उघडला.

"भिंतीवरचा माणूस कोण?"

"माझे सासरे. वारले ते."

"ते तुमच्याकडे बघत आहेत. बाहेर न्या."

लवूने वडिलांचा हार घातलेला फोटो उतरवला आणि छातीशी धरला. "तासदीड तास एक शब्द नको," रुचिका त्याला म्हणाली. "कोणाला बोलू पण देऊ नको. बोलणं ऐकू आलं की परीक्षा रद्द करतात." तो बाहेर पडला आणि कडी लागली.

गॅलरीत स्टुलावर, मांडीवर फोटो घेऊन लवू बसला. पाचव्या मिनिटाला शेजारची गुणवंती आली.

"काय रे लवू, दार कशाला लावलंय?"

लवूने ओठांवर बोट ठेवलं.

"आणि आई कुठाय तुझी? सकाळपासून दिसली नाही."

लवूने नुसती मान हलवली आणि हात जोडले. त्याला म्हणायचं होतं, बाई, कृपा कर आणि जा. गुणवंतीने बंद दाराकडे बघितलं, मग हाराकडे, मग फोटोकडे. फोटो खाली उतरवलाय म्हणजे त्याच्या शेजारी दुसऱ्या फोटोला जागा करतायत, एवढं तिला कळत होतं.

"अगो बाय," ती पुटपुटली आणि तोंडाला पदर लावून वळली.

दहा मिनिटांत चाळ गप्प झाली. तळमजल्यावरची पिठाची गिरणी थांबली. टीव्ही बंद झाले. कॅरम उचलला गेला. चाळ कमिटीचा सेक्रेटरी माधव, ज्याच्याकडून दोन वर्षांत गळकं छप्पर दुरुस्त झालं नाही, तो मयतीला मात्र सगळ्यांच्या पुढे असतो. त्याने गेटवरच्या फळ्यावर खडूने सुभद्राबाईंचं नाव लिहिलं, तिरडीच्या सामानाला माणूस पाठवला आणि वर येऊन लवूच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत कोण बसलंय?" त्याने हळूच विचारलं.

"रुचिका," लवू कुजबुजला.

"एकटी? मानलं पाहिजे हां सुनेला. काकी गेल्या किती वाजता?"

लवूला तेव्हा कुठे कळलं. सांगायला त्याने तोंड उघडलं. पण या गॅलरीत जन्म गेला त्याचा, आणि आज पहिल्यांदा त्याला घरातल्या पंख्याची कुरकुर बाहेर ऐकू येत होती. ही शांतता कमिटीला अर्ज करून मिळाली नसती, पाया पडून मिळाली नसती. त्याने तोंड मिटलं आणि फोटो घट्ट धरला. माधवने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आत रुचिका एकतिसाव्या प्रश्नावर होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट उघडली.

"तुमच्याकडचा आवाज अचानक बंद झाला आहे. माइक बंद केलात?"

"नाही," तिने टाइप केलं.

"सुरुवातीला यंत्राचा आवाज होता, टीव्ही होता, भांडी होती. आता काहीच नाही. हे संशयास्पद आहे. मोठ्याने बोलून दाखवा."

म्हणजे आवाज आला तरी चोर, नाही आला तरी चोर. रुचिकाचं डोकं फिरलं. "रुचिका लवू मांजरेकर," ती जीव तोडून ओरडली. "येतंय का ऐकू?"

बंद दारातून बाहेर शब्द कोणाला कळले नाहीत. सुनेचा बांध फुटला एवढंच कळलं. गुणवंतीने गळा काढला, आणि तिच्यामागून सगळ्या गॅलरीने.

"आता कोण रडतंय?" चौकटीत उमटलं.

"चाळीत कोणीतरी वारलेलं दिसतंय."

"वाईट वाटलं. पुन्हा ऐकू आलं तर परीक्षा रद्द."

लवू हातवारे करून बायकांना गप्प करत होता. तो जेवढे हात जोडायचा तेवढ्या त्या पदरात तोंड खुपसून जास्त मुसमुसायच्या. एवढ्यात जिन्यावरून सुभद्राबाई आल्या. शिवडीत बहिणीशी त्यांचं तासाभरातच वाजलं होतं.

त्यांना बघून रडणं जागच्या जागी थांबलं. गुणवंती किंचाळणार होती, पण आत सुनेची परीक्षा आहे एवढं सुभद्राबाईंना ठाऊक होतं; त्यांनीच तिच्या तोंडावर हात ठेवला.

"फळ्यार माझा नाव कोणी लिवल्यान?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

माधव आपल्या चपलांकडे बघू लागला. लवूने आईच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. विनीत, एकतीस तारीख, कॅमेरा, फोटो. सुभद्राबाईंनी बंद दाराकडे बघितलं.

"किती वेळ रवलो?"

"अठरा मिनिटं."

"मगे तवसर मी मेलंय," त्या म्हणाल्या आणि बायकांच्या मधोमध मांडी घालून बसल्या. "आता कोणी तोंड उघडल्यान तर बघा."

"पण काकी," माधव कुजबुजला, "बांबू आणायला माणूस गेलाय."

"येवंदे. हळू ठेवूक सांग."

चाळीस माणसं अठरा मिनिटं जिवंत मयतीभोवती बसून राहिली. एकाला खोकला आला, तो खाली रस्त्यावर जाऊन खोकून आला. सुभद्राबाई एकेकीच्या तोंडाकडे नीट बघत होत्या. आपल्यासाठी कोणाचे डोळे ओले आहेत आणि कोण नुसता पदर लावून बसलीय, हे बघायची सोय सगळ्यांना मिळत नाही.

कडी निघाली. रुचिका घामाघूम बाहेर आली.

"पास," ती म्हणाली. मग तिला माणसं दिसली, भिंतीला लावलेले बांबू दिसले. "कोण गेलं?"

सगळ्यांनी सुभद्राबाईंकडे बघितलं.

"मी," त्या म्हणाल्या. "चाय टाक."

दुसऱ्या दिवशी विनीतचा फोन आला. अभिनंदन वगैरे काही नाही.

"घरून दिलीस? चाळीतून? आणि एकदम पास? कोणी मदत नाही ना केली?"

"चाळीस जणांनी केली," रुचिका म्हणाली. "पण बाहेर बसून."

कॉन्ट्रॅक्ट आलं. सहा महिन्यांचं. नऊ वर्षं आणि एक परीक्षा मिळून माणसाची लायकी तिथे एवढीच भरते.

माधवला मात्र पक्का संशय आहे की मांजरेकरांनी हे सगळं ठरवून केलं. तो लवूशी बोलत नाही. सुभद्राबाई रोज संध्याकाळी लवूची उलटतपासणी घेतात. "गिरणीवालो वर इल्लो की खालीच रवलो? गुणवंती माका बघूच्या आधी रडली की फक्त वरडली?"

रविवारी गुणवंती स्वतःच आली. हातात वाटीभर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. सुभद्राबाईंनी आधी वाटीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काय काम हा?"

"आमच्या अपेक्षाची तीच परीक्षा आहे, मावशी. पोरीला नोकरी लागायचीय त्याच्यावर. शनिवारी आहे, घरूनच."

"मगे तुझ्या घोवाक सांग."

"ह्यांना विचारलं. तयार आहेत. पण ह्यांच्यासाठी गिरणीवाला गिरणी बंद करायचा नाही. टीव्हीचा आवाजही कोणी कमी करणार नाही. तुमच्यासाठी बघा सगळे कसे बसले."

"आता सगळ्यांका ठावक झाला."

"ठाऊक असू दे. तुम्ही मधे बसल्यावर तोंड कोण उघडणार?"

सुभद्राबाईंनी सुकं हुंगून बघितलं. मग त्यांनी वाटी जवळ ओढली.

"किती वाजता मरूचा हा?"